सुजाताने लिहिलेला क्लास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगायला बसलोय तर भलतंच काहीतरी लिहून पुन्हा पुन्हा खोडतोय — इतक्या वर्षांनीही सरळ बोलता येऊ नये?

लोअर परळला आमचं ऑफिस. दादरच्या एका वधूवर सूचक मंडळाचं ॲप करत होतो. टीम माझी, सुजाता माझ्याच बरोबरीची, जुनी मैत्रीण. स्थळाची सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते, पण ती जशीच्या तशी मोबाइलवर पाठवायची नसते. दाखवायचं तेवढंच एका वेगळ्या क्लासमध्ये, म्हणजे कोडमधल्या एका साच्यात, भरायचं आणि तो पाठवायचा. डीटीओ म्हणतात त्याला. सुजाताने तो व्यवस्थित लिहिला होता.

मंडळाच्या काकूंना रोज नवं काहीतरी हवं असायचं — आज देवक, उद्या मंगळ. प्रत्येक वेळी तेच रकाने डेटाबेसमध्ये वाढवा, मग क्लासमध्येही वाढवा. वैताग नुसता. सुजाताची आई परळला हॉस्पिटलात, म्हणून ती रजेवर. मी तिचा क्लास काढून टाकला आणि अख्खी नोंदच पाठवायला लागलो. चाललं की. कोण बघतंय?

त्या नोंदीत काकूंचे खाजगी शेरेही होते — हे मला माहीत नव्हतं का? होतं. डोक्यात आलं नाही, एवढंच. माटुंग्याच्या एका मुलीच्या नावापुढे लिहिलेलं, आधीचा साखरपुडा मोडलाय. मुलाकडच्यांनी ते मोबाइलवर वाचलं. लग्न बारगळलं. काकू थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

साहेबांनी विचारलं, हे काम कुणाचं? मी म्हणालो, तो भाग सुजाताकडे होता. खोटं नव्हतं ना ते — की होतं? कोडमध्ये कुणी काय बदललं ते सगळं दिसतं. पण बघायचं काम साहेबांनी माझ्यावरच सोपवलं. बघितलं, तिचंच आहे, असं सांगितलं मी.

सुजाताला काढून टाकलं. तिची कोड बघायची सोयही त्याच दिवशी बंद झाली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मी लिहिला होता रे तो क्लास. मला चांगलं आठवतंय."

इथे तरी? एक वाक्य पुरलं असतं.

"राहिला असेल गं," मी म्हणालो. "आईच्या धावपळीत होतीस तू."

ती म्हणाली, "असेल. डोकंच ठिकाणावर नव्हतं माझं. सॉरी रे, तुला निस्तरावं लागलं."

मी म्हणालो, "चालायचंच."