बाटलीतली सवत

लग्न होऊन मी तळोद्याला आले, तेव्हा आमच्या खोलीत माझ्या आधीपासून काही बाटल्या नांदत होत्या. गंधक, आयोडीन, ग्राफाइट आणि फॉस्फरस. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळा पत्र्याची, उन्हाळ्यात आत पाय ठेववत नसे, म्हणून विज्ञानाचं कपाट मातीच्या भिंतींच्या आमच्या थंड खोलीत आलं होतं. माझ्या लोणच्याच्या बरणीला त्यात जागा मागितली, तर ह्यांनी ती चुलीमागे ठेवायला सांगितली.

वर्गात शिकवायचा धडा हे आधी घरी माझ्यासमोर म्हणून बघत. सुरुवातीला मला त्याचं फार अप्रूप. तांब्याच्या तारेवर हातोडी मारली की ती चपटी व्हायची, गंधकाच्या खड्यावर मारली की नुसता पिवळा भुगा. अधातू ठिसूळ असतात, ठोकले तर वाजत नाहीत, त्यांच्यातून वीज जात नाही, असं हे सांगत आणि मी भाकरी थापता थापता मान हलवी. मग एके दिवशी ह्यांनी टॉर्चचा सेल, तारा आणि इवलासा दिवा जोडला आणि तारांच्या मध्ये गंधक धरला. दिवा मख्ख. आयोडीनचे काळपट, चकाकणारे खडे धरले, तरी मख्ख. ग्राफाइटची कांडी धरली आणि दिवा लागला. अधातू असून वीज नेतो हा, असं म्हणत ह्यांनी त्या काळ्या कांडीकडे असं काही पाहिलं की माझी तव्यावरची भाकरी करपली. अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

ग्राफाइटचं मी एक वेळ सोसलं असतं. डोळ्यांत खुपायची ती फॉस्फरसची बाटली. आत मेणासारख्या मऊ, पिवळसर कांड्या, कायम पाण्यात बुडवलेल्या. उघड्या हवेत हा आपोआप पेट घेतो, आणि आमच्याकडच्या वैशाखात तर बाटलीतच वितळू लागतो. म्हणून तिच्याभोवती ओलं फडकं. शाळेतून आले की हे आधी तिचं पाणी बघत, मग वहाणा काढत. मला ताप भरला तेव्हा कपाळावर ओली पट्टी ठेवायला शेजारीण आली होती. माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि बाटलीचा हेवा वाटतो हे सांगायचं तरी कुणाला?

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात. ह्यांना मात्र पेपर तपासायला धुळ्याला जायचं होतं. निघताना म्हणाले, या खेपेला माहेरी गेली नाहीस तर बरं, बाटलीतलं पाणी आटलं तर घर पेटेल. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला, तशी मी फडकं ओलं केलं, बाटली मांडीवर घेतली आणि गाडीत बसले. तिच्यासाठी तरी हे तापीकाठी माझ्या माहेरी धावत येतील, आणि आले की मलाही सोबत नेतील. ह्यांनी मला न्यायला यावं, एवढंच मला हवं होतं.

अंगणात आईनं बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "हाई काय लई उनी वं?"

"मन्ही सवत शे, माय."

आई हसली. हिला सावलीत ठेवायचं, एवढंच तिला कळलं. तिनं बाटली देवघरापाशी, पूर्वजांच्या नावानं भरलेल्या घागरीशेजारी ठेवली. आखाजीला भरलेलं भांडं कोरं ठेवायचं नाही, म्हणून घागरीला कुंकू लावताना तिनं बाटलीलाही बोट टेकवलं आणि वर मोगऱ्याचं फूल ठेवलं. मी दारातून बघत राहिले. सासरी हिचे लाड होतेच, आता माझ्या माहेरी पूजाही झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी झोक्यावरून मला हे येताना दिसले. धुळ्याहून परतले होते, घरात ना बाटली ना मी, तसेच निघाले होते. मी उडी मारली, तोंड धुतलं, नवं लुगडं नेसले आणि पिशवी भरून दारात उभी राहिले. हे घामानं निथळत होते. घाबरले की शाळेतली भाषा गळून पडायची.

"त्यामा पानी शे ना?"

"शे," मी म्हणाले. "मी बी शे."

ह्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, हुश्श केलं. मग माझ्या हातातली पिशवी दिसली.

"तू ऱ्हाय आठेच. आखाजी शे, झोका खेय निवांत."

मी इथंच राहावं, असं अगदी मनापासून म्हणाले, तेच मला जास्त लागलं. ह्यांनी पन्हं घेतलं, फडकं ओलं केलं आणि भावाच्या गाडीत मी बसले होते त्याच जागी बाटली घेऊन हे बसले.

झोक्यापाशी मैत्रिणी जमल्या होत्या. परत ये, असे त्यांच्या नवऱ्यांचे निरोप आखाजी सरायच्या आतच येत. नवरा असावा तर असा, एक जण म्हणाली, आणि बाकीच्यांनी उसासे टाकले. त्या सगळ्या माझा हेवा करत होत्या. मी झोका उंच चढवला, तेव्हा कुंपणापलीकडे वाटेवर गाडी दिसली. ऊन रणरणत होतं. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून बाटलीवर धरली होती.