कानकाकांचं कोरडं बेअरिंग

माझे काका स्कूटर दुरुस्त करायचे, पण गाडीला हात लावण्याआधी कान लावायचे. डोळे गच्च मिटायचे, ओठ आवळायचे आणि निकाल द्यायचे, "पुढचं बेअरिंग कोरडं पडलंय." निकाल कधी चुकला नाही. गल्लीनं त्यांना कानकाका म्हणायला सुरुवात केली आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "ज्या दिवशी कान फसेल, त्या दिवशी पाना खाली ठेवीन," असं गिऱ्हाइकांना ऐकवायचे. कुणी विचारलेलं नसायचं.

एका सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई स्कूटर ठेवून गेल्या. "ब्रेक तेवढे घट्ट करा, दुपारी नेते." काकांनी गाडी परसात घेतली आणि सवयीनं डोळे मिटून पुढे ढकलली. कुईंऽऽ कुईंऽऽ.

"बेअरिंग!" काका म्हणाले आणि लगेच बदललंही. पुन्हा डोळे मिटले. कुईंऽऽ. मागच्या चाकाचं बदललं. कुईंऽऽ, आता तर जास्तच ठसक्यात. काकांना घाम फुटला. दुपारपर्यंत चाकं, सीट आणि आरसे जमिनीवर आले. आरशांचा काय संबंध, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाई आल्या तेव्हा स्कूटर नव्हतीच, नुसते भाग होते.

"मी ब्रेक म्हणाले होते ना?"

"कान गेले हो माझे," काका म्हणाले. हातातला पाना त्यांनी जमिनीवर ठेवला. इतका वेळ मी तोंड दाबून हसत होतो, पण तेव्हा मला त्यांची फार दया आली. "आजपासून पाना बंद."

कुईंऽऽ.

बाईंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे एक साळुंकी गळा फुगवून, हुबेहूब कोरड्या बेअरिंगसारखी ओरडत होती. आमच्या परसात दुसरं शिकणार तरी काय? आणि मिटल्या डोळ्यांना ती दिसणार कशी?

काका ताडकन उठले. "म्हणजे बेअरिंगच! बरोबर ओळखलं मी! कान ठणठणीत आहेत माझे!" आनंदानं त्यांनी बाईंचाच हात हलवला.

तेवढ्यात काकू दारात आल्या. "ठणठणीत आहेत ना? मग सकाळपासून पाच हाका मारल्या, कपड्यांची दोरी बांधून द्या म्हणून. त्या कुठे गेल्या?"

काका बाईंकडे वळले.

"काय म्हणतेय हो ही?"