स्क्रूच्या भोकातलं कुंकू

हार्ड डिस्क कॅबिनेटमधून काढली आणि सगळ्यात आधी तिच्यावरचं हळद-कुंकू पुसलं. चांगलं घट्ट बसलं होतं. फडक्याने घासून, ब्रशने कोपरे झाडून तिला नव्यासारखी केली. तीस वर्षं ठाण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला काढली, आता कळव्याच्या घरून कामं घेतो. घाणेरड्या मशीनला हात लावायला मला आजही आवडत नाही. शिवाय यंत्राला कुंकू वगैरे मला पटतही नाही.

“आई दर दसऱ्याला लावतात,” सुलभावहिनी म्हणाल्या. “झाकण काढून आत लावतात. तुम्हीच जागा दाखवलेली ना, साळवेदादा.”

ते खरं होतं. दिवा गावच्या गावठाणातल्या या घरी मी पूर्वी एकदा कम्प्युटर साफ करायला आलो होतो. वहिनींच्या सासूबाई धवलारीण. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई. उघड्या कॅबिनेटमध्ये डोकावून त्यांनी विचारलं होतं, “बाला, माजी गानी यान कंच्या जागेला हायत?” मी हार्ड डिस्कवर बोट ठेवलं होतं. तेव्हापासून पूजेची जागा ठरली.

पुढे सासूबाईंच्या, म्हणजे आजींच्या, घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता कुजबुजल्यासारखं बोलतात. ऑपरेशनच्या बऱ्याच आधी वहिनींनी त्यांचे नऊ धवले रेकॉर्ड करून ठेवले होते. परवा नातवाची हळद. आजींच्याच आवाजात धवले लावायचे, असं घरात ठरलेलं. आणि आज सकाळी कम्प्युटर सुरूच होईना.

“दुसरीकडे कॉपी आहे ना?”

“पेनड्राइव्ह आणलाय,” वहिनी म्हणाल्या. “घ्यायचं राहूनच गेलं.”

पेनड्राइव्हचं पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.  

हार्ड डिस्क म्हणजे कम्प्युटरचं कपाट. गाणी, फोटो, पत्रं, सगळं तिच्यात. जुनी झाली की एखादा भाग वाचता येत नाही. या डिस्कमध्ये तर कुठे काय ठेवलंय याची यादीच खराब झाली होती. सामान आत असावं, पण कम्प्युटरला ते दिसत नव्हतं. अशा वेळी आधी सगळीच्या सगळी डिस्क नव्या डिस्कवर उतरवायची, मग नव्या डिस्कवर शोधाशोध करायची. याला क्लोन करणं म्हणतात. झेरॉक्सच, पण एक धोका आहे. झेरॉक्समध्ये चुकून कोरा कागद ठेवला तर कोरा कागद बाहेर येतो, बाकी काही बिघडत नाही. इथे कोरी डिस्क मूळ म्हणून दिली, तर भरलेलीही कोरी होते. कायमची.

माझ्याकडे त्याच कंपनीची, त्याच साइजची नवी डिस्क होती. दोन्ही टेबलावर ठेवल्या. जुनी डावीकडे, नवी उजवीकडे. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. मी हात धुऊन आलो, आम्ही बाहेर ओट्यावर बसून चहा घेतला, मी आजींची तब्येत विचारली. परत आलो, डिस्क उचलल्या आणि डॉकमध्ये, म्हणजे दोन डिस्क उभ्या खोचायच्या छोट्या स्टँडमध्ये, लावल्या. लॅपटॉपवर दोन्ही दिसल्या. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या आणि दोन्ही रिकाम्या. जुनीची यादी गेली होती, त्यामुळे त्याचं आश्चर्य वाटलं नाही. डावी ती मूळ, उजवी ती नवी, असं क्लोनच्या प्रोग्रॅममध्ये भरलं. आता फक्त स्टार्ट दाबायचं होतं.

दाबण्याआधी डिस्क फिरतेय का ते बोट लावून बघायची माझी सवय आहे. उजव्या डिस्कच्या कडेला बोट लावलं. बोट लाल झालं.

मी वाकून पाहिलं. कडेच्या स्क्रूच्या भोकात कुंकू भरलं होतं. माझं फडकं तिथवर पोचलं नव्हतं.

“वहिनी, या डिस्क हलवलेल्या का?”

“ट्रे ठेवायला उचलल्या. परत ठेवल्या की तिथेच.”

ठेवल्या होत्या. फक्त उलट्या बाजूंना. त्यांची काहीच चूक नाही. खूण करणं माझं काम होतं, आणि असलेली खूण मीच पुसली होती.  स्टार्ट न दाबताच प्रोग्रॅम बंद केला, दोन्ही डिस्क काढल्या, नीट पाहून पुन्हा लावल्या आणि त्यांच्यावर छापलेले नंबर तीनदा वाचले.

डिस्क उतरायला दुपार गेली. संध्याकाळी नव्या डिस्कमधून आठ धवले अख्खे निघाले. नववा अर्ध्यावर तुटत होता. आजींनी डोळे मिटून सगळे ऐकले. नववा थांबला तिथे त्यांचे ओठ हलत राहिले. वहिनी कान त्यांच्या तोंडाशी नेऊन पुढचे शब्द वहीत उतरवत होत्या. हळदीला तो अर्धा वहिनीच म्हणणार होत्या. इतकं समाधान मला पूर्ण डेटा परत आल्यावरही क्वचित झालं असेल.

निघताना मी आजींना खरं काय घडलं ते सांगितलं. लपवून बरं वाटलं नसतं. त्यांनी कोनाड्यातला करंडा आणला, नव्या डिस्कला कुंकवाचं बोट लावलं आणि कुजबुजल्या, “मंग आता पुसू नको.”

नाही पुसलं. कॅबिनेट तसंच बंद केलं, आणि गाणी पेनड्राइव्हवर घेऊन मगच घराबाहेर पडलो.

तेव्हापासून कोणाचीही डिस्क काढली की आधी तिच्यावर मार्करने ठिपका देतो, मग फडकं घेतो. कुंकवाबद्दल माझं मत बदललेलं नाही. मार्कर मात्र लालच घेतलाय.