सॅम्युअलकाकांची तलवार

ईशान, मुक्ता,

सॅम्युअलकाकांना जाऊन महिना उलटला. शवपेटीजवळ ठेवलेला त्यांचा फोटो मी तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, हे नाटकातले कपडे आहेत का?" पांढरा झगा, त्यावर तांबडा क्रूस, कमरेला तलवार... ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि सांगू शकणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

तुमचे आबा इथे जळगाव जामोदला डॉक्टर, काका शाळेत इंग्रजीचे मास्तर. दोघेही फ्रीमेसन. ही एक जुनी बंधुसंस्था. ईश्वर मानणारा कोणत्याही धर्माचा पुरुष तिथे चालतो. तिच्या सभेसाठी दोघे शेगावहून गाडी पकडून नागपूरला जात, आणि वाटेत दशम्या आणि भांडणं दोन्ही संपवत. पुढे काकांना आतल्या एका सरदारी पंथाचं बोलावणं आलं. धर्मयुद्धांच्या काळातल्या टेम्प्लर योद्ध्यांचं नाव घेणारा हा पंथ फक्त ख्रिस्ती मेसनांसाठी असतो. म्हणजे इतकी वर्षं काकांच्या शेजारी बसलेल्या आबांना त्या दारातून आत जाता येणार नव्हतं. "जा बे, सरदार हो," असं आबा हसून म्हणाले खरे, पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

दीक्षेसाठी एका वृद्ध सभासदाने काकांना आपली तलवार दिली. ती आमच्याकडे ठेवली, कारण काका तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत आणि तलवार पाहून घरमालकाने त्यांना बाहेर काढलं असतं. मध्येच खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. आबांनी स्टेथोस्कोप, कात्र्या, मोटारीचे पाने मांडले आणि शेजारी तलवारही ठेवली. घरात शस्त्र असून ते पुजायचं नाही, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मुठीला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल.

दसरा झाल्यावर काका तलवार न्यायला आले. मुठीकडे बघत उभे राहिले...

"डाक्टर, हे काय केलं?"

"पूजा केली. काऊन?"

"मले हे असं नेता येत नाही. तिथं मी येशूच्या नावानं शपथ घेऊन राह्यलो."

खिशातला रुमाल काढून त्यांनी मूठ पुसली. घाईने नाही, नक्षीच्या खाचांतून बोट फिरवत. आबा पाहत होते. आधी दार बंद, आता कुंकूही पुसलेलं. मला वाटलं, ही मैत्री आज माझ्या ओसरीवर संपते.

आबांनी चपला घातल्या. "चाल."

"तुम्ही कुठं?"

"एकटा तलवार घेऊन फलाटावर फिरशील, त पोलीसच दीक्षा देतील तुले. चाल बे, गाडी जाईल."

नागपूरला आत शपथविधी होईस्तोवर आबा बाहेर भोजनगृहात पेपर वाचत बसले. तुम्ही पाहिलात तो फोटो, काका बाहेर आल्यावर आबांनीच काढलेला.

पुढे काकांचं स्वतःचं घर झालं, तलवार तिकडे गेली. तरी नवमीला सकाळीच काका दारात. तलवार माझ्या हाती देऊन म्हणाले, "वहिनी, आज तुमचं करा. उद्या येऊन मी पुसतो." तेव्हापासून दरवर्षी आबा कुंकू लावत आणि काका पुसत. कुणी कुणाला आपला धर्म सैल करायला सांगितलं नाही. आबा गेले त्या वर्षीही ते आले. मी म्हटलं, यंदा पूजा नाही. "मग नुसती ठेवून घ्या," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन ती स्वच्छ मूठही पुसून गेले... असा माणूस आपल्या घराला लाभला, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यांच्या मुलीला, रूथला, हे कधीच पटलं नाही. ती वडिलांपेक्षा कडक. प्रार्थनासभेनंतर मीच तिला म्हटलं, तलवार आता तुझी, नवमीचं काही मनावर घेऊ नकोस.

"काकू, मी बाहेर ओसरीवर बसीन," ती म्हणाली. "पण आणीन."

तलवार सध्या अकोल्याला, रूथच्या घरी आहे. येत्या नवमीला ती आपल्याकडे असेल.