पहिल्या ग्रामसभेचे अंगठे

शाईच्या पॅडचा वास आला की आमच्या नव्या ग्रामपंचायतीची पहिली ग्रामसभा आठवते. मोठ्या गावातून आमची पंचायत नुकतीच वेगळी झाली होती आणि रजिस्टर लिहायला मी होतो. सभेला शंभर माणसं लागत होती. धानाची रोवणी सुरू असल्यानं सदतीसच आली. सभा पुढे ढकलू, असं मी म्हटलं, तर सरपंच हसले, "पयलीच सभा कायले बुडवतं बे? रजिस्टर घे अन् घरोघरी फिर." उरलेल्या त्रेसष्टांसाठी मी फिरलो. टोलीच्या, म्हणजे लहानशा वस्तीच्या, टोकाला राहणारी काकी चिखलानं भरलेल्या पायांनी धानाच्या बांधीतून वर आली. "सभा कधी होऊन राहिली, बापू? आमच्या टोलीवर बोरिंग मांगायची हाय." मी म्हटलं, "झाली, काकी. अंगठा लावा." तिनं लावला. त्याच पानावरच्या ठरावात बोरिंग सरपंचांच्या गल्लीत मंजूर झालेली होती. काकी मरेपर्यंत नाल्यावरूनच पाणी आणत राहिली. आज पाचवा सरपंच आहे आणि रजिस्टर अजूनही घरोघरी फिरतं. लोक याला पहिल्या सरपंचांची रीत म्हणतात. ती रीत पायी फिरून मी पाडली. सभा कधी आहे, हे आता कोणी विचारत नाही.