भिकाजीनं पसंत केलेलं ठेक्याचं यंत्र

सत्त्याऐंशी सालच्या मार्चात भरे गावचे भिकाजी ओव्हाळ पुण्याला निघाले, तेव्हा फुलाबाईनं, त्यांच्या बायकोनं, उंबऱ्यातूनच ऐकवलं, "लोकं बायकोवर सवत आणत्यात. तुमी आपल्याच ढोलकीवर आणा. आनि वर पसंतबी तुमीच करा!"

भिकाजी हसले नाहीत. बावीस वर्षं ते साहेबरावांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत होते. पण शेजारच्या नेरे गावच्या पार्टीनं आपोआप ठेका देणारं यंत्र आणलं आणि पिरंगुटच्या भीमजयंतीचा कार्यक्रम तिकडे गेला. यंदा आमंत्रण पुन्हा आलं ते अट घालून: वाद्यं इलेक्ट्रिक पाहिजेत. म्हणून एक सिंथेसायझर आणि एक ठेक्याचं यंत्र घ्यायचं ठरलं. सिंथेसायझर वाजवणार साहेबरावांची मुलगी जया. पार्टीत पेटी तीच वाजवायची. यंत्र वाजवायला कुणी लागणारच नव्हतं.

"कान तुझा," साहेबराव म्हणाले होते. "तू नको म्हनशील ते घ्यायचं न्हाई." मग भिकाजींनी पुढं काय करायचं, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नव्हता.

बुधवार पेठेतल्या दुकानात जयानं तासभर घेतला. एका सिंथेसायझरमध्ये शंभर आवाज होते. तिनं तो बाजूला सारला आणि दुसऱ्याच्या डावीकडचं चाक हळूच फिरवलं. "अप्पा, ह्याच्यात सूर वाकतो. आपल्याला हाच."

मग दुकानदारानं ठेक्याची दोन यंत्रं मांडली. पहिलं चकचकीत, तयार ठेक्यांचं. बटण दाबलं की डिस्को, दुसरं दाबलं की रुंबा. साहेबरावांचे डोळेच लकाकले. भिकाजींना मात्र लगेच कळलं: आपल्या गाण्यात हे टिकायचं नाही. आणि त्याच दमात दुसराही विचार आला. घेऊ द्या की! दोन कार्यक्रम पडले की गुंडाळून ठेवतील आणि आपल्या दारी येतील. नुसती मान डोलवायचा अवकाश.

"कसं वाटतंय?" साहेबरावांनी विचारलं.

मान काही डोलेना. "गाऊन बगा," भिकाजी कसेबसे म्हणाले.

साहेबरावांनी ओळ उचलली. शेवटचं अक्षर ते धरून ठेवायचे, समोरच्या माणसांतून आवाज उठेपर्यंत. तोवर ढोलकी थांबायची. किती थांबायचं ते भिकाजी त्यांच्या गळ्याच्या शिरेवरून ओळखायचे. यंत्र थांबलं नाही. साहेबराव समेवर आले तर सम निघून गेलेली. पुन्हा धरली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा चुकल्यावर दुकानदारानं तोंड फिरवलं.

साहेबराव मान पुसत पुटपुटले, "गळा गेला वाटतं माझा. वय झालं."

पार्टीत रिवाज होता. गाणारा चुकला तर ढोलकीवाल्यानं सगळ्यांदेखत कानाला हात लावायचा, चूक आपली म्हणून. सवयीनं भिकाजींचा हात उठलाही, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. या माणसाला चारचौघांत गळा गेला म्हणायला लावून आपण जागा राखणार?

"गळा चांगला हाय," ते जोरात म्हणाले. "ह्येला थांबायचं कळत न्हाई. नको ह्ये."

दुसरं यंत्र काळं, मळकट. "यात तयार काही नाही," दुकानदार म्हणाला. "ठेका तुम्हीच भरायचा." भिकाजींनी यंत्रातल्या काँगो ढोलाच्या आवाजावर बोटांनी आपला ठेका वाजवला. यंत्रानं परत ऐकवला तो कवायतीसारखा, प्रत्येक थाप रांगेत.

"ह्यो माझा हात न्हाई."

"मशीन थापा सरळ करून घेतं. ते सरळ करणं बंदही करता येतं."

पुन्हा वाजवलं. या वेळी ठेक्यातला त्यांचा झोका, त्यांचा रेंगाळणारा डावा हात, सगळं जसंच्या तसं परत आलं. जया त्यांच्या हातांकडे बघत राहिली. हात मांडीवर होते आणि ठेका चालला होता.

"झालं! आता तुमच्याशिवायही वाजेल," दुकानदार कौतुकानं म्हणाला.

भिकाजींनी मांडीवरचे हात उचलून यंत्र दुकानदाराकडे सरकवलं. "ह्येच घ्या," ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त भुकूम गाव आलं तशी जया म्हणाली, "अप्पा, तुम्ही सूर धरलात की हे थांबवायचं कुणी? माझे दोन्ही हात गुंतलेले."

साहेबराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भिकाजी, पिरंगुटात ढोलकी न्हाई वाजायची. खोटं कशाला बोलू? पर बसायचं तूच."

"नुसतं बटन दाबाया?"

"व्हय. नुसतं बटन दाबाया."

जयंतीला भिकाजी यंत्र मांडीवर घेऊन बसले. तळवे कोरडे, एक बोट बटणावर. साहेबरावांनी ओळीचं शेवटचं अक्षर धरलं. भिकाजींनी ठेका तोडला. एकदम शांतता झाली. पुढच्या रांगेत कुणी हसलं, "बिगडलं काय रं?" साहेबरावांच्या गळ्याची शीर अजून ताणलेलीच होती. मागून 'जय भीम'चा गजर उठला, शीर सैल पडली, बोट खाली गेलं. ठेका बरोबर आवाजाखाली येऊन बसला.

"आयला, काय मशीन हाय!" कुणीतरी ओरडलं.

भिकाजींनी ऐकलं. पण नजर साहेबरावांच्या गळ्यावरून हलवली नाही. पुढची ओळ लांब होती.