चित्रातल्या बाईला लावलेलं हळदीकुंकू

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी ऑडिटर, कागद दाखवल्याशिवाय सख्ख्या भावाचंही ऐकत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण घडलं ते घडलं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही सिंगापूरला, वुडलँड्समध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. माझा नवरा सुहास चित्रकार. खिडकीबाहेरचं काही म्हणजे काही तो रंगवायचा नाही. एक जुनं गाव, नदीचा घाट आणि दारात खाली मान घालून उभी असलेली नऊवारीतली बाई — बस्स.

"हे गाव कुठलं रे?"

"जिथे मी जन्मायला हवा होतो."

"पहिल्याच पावसाळ्यात पटकीने गेला असतास," मी म्हणायचे. तो हसायचा नाही. लीज संपली की तो एकटाच कोकणात जाणार होता, असलं गाव शोधायला. मला सोडून. मला त्या रंगवलेल्या बाईचा चक्क मत्सर वाटायचा.

चैत्रातलं हळदीकुंकू मी शनिवारी संध्याकाळी केलं. आंब्याची डाळ, पन्हं, ऑफिसमधल्या आणि शेजारच्या बायका. सगळ्या गेल्यावर साबणाने तोंड धुतलं, कारण घामाने कुंकू नाकावर ओघळलं होतं. आवरताना चित्र समोर आलं. म्हटलं, घरातली एक सवाष्ण राहिलीच की. रागारागात तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं.

तेवढ्यात सुहास आतल्या खोलीतून आला; मी तोंड धुताना त्याने बघितलं होतं. आता ओरडणार, असं वाटलं. पण तो माझ्याकडेच बघत होता.

"तू तोंड धुतलं होतंस ना?"

"हो. का?"

"आरशात बघ."

कपाळावर हळद, कुंकू... दोन्ही नीट रेखलेलं. माझा हात लागला म्हणावं, तर माझं कुंकू लिटिल इंडियातलं, लालभडक आणि कोरडं. हे काळपट, ओलसर होतं. हळदीकुंकू घेणारी देणारीलाही उलट लावते, हे आपल्या बायकांना सांगायला नको.

सुहास खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला. "इतके महिने मी तिच्यासमोर बसतोय. माझ्याकडे तिने मानसुद्धा वर केली नाही गं."

ते कुंकू आलं कुठून, मला आजही सांगता येत नाही. सुहास कोकणात गेला नाही. माझ्यासाठी थांबला, की त्या चित्रातल्या गावात त्याला कुणी विचारलं नाही म्हणून — हे विचारायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही.